विजेच्या गाडीचा एसी गरम हवा देतो तेव्हा : गॅस भरण्याआधी काय तपासावे

मे महिन्यात चंद्रपूर किंवा अमरावतीच्या रस्त्यावर पारा ४४-४५ अंशांवर असताना गाडीच्या एसीतून कोमट हवा येऊ लागली, की माणूस जवळच्या एसीवाल्याकडे जातो आणि एसीवाला बहुधा पहिल्याच वाक्यात सांगतो, "गॅस कमी झालाय, भरून टाकू." पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत हे निदान पुष्कळदा बरोबर निघते आणि चुकले तरी नुकसान बेताचेच होते. विजेच्या गाडीत मात्र तेच निदान नीट तपासून घ्यावे लागते, कारण तिच्या एसीचा कॉम्प्रेसर साधारण तीनशे-चारशे व्होल्टवर चालतो, त्याच्यातले तेल वेगळ्या जातीचे असते आणि बहुतेक गाड्यांत तोच कॉम्प्रेसर प्रवाशांबरोबर बॅटरीलाही थंड ठेवत असतो. हा लेख गाडीच्या मालकासाठी आहे. एसी स्वतः उघडावा असे मी मुळीच सुचवणार नाही. पण आत काय चालते हे कळले, तर दुरुस्ती करणाऱ्याला नेमके काय विचारायचे आणि कोणत्या उत्तरावर समाधान मानायचे नाही, हे ठरवता येते.

थंडावा येतो कुठून

उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, ते माठ थंडी तयार करतो म्हणून नव्हे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्यावर सुकते, सुकताना त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्यातून घेते. गाडीचा एसीही हेच करतो. फक्त माठाचे पाझरलेले पाणी हवेत निघून जाते, तर एसीतला द्रव बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवला जातो. या द्रवाला शास्त्रीय भाषेत प्रशीतक म्हणतात आणि गॅरेजात नुसते 'गॅस' म्हणतात, जरी आपल्या फेऱ्यातला बराचसा प्रवास तो द्रवरूपात करत असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. युरोपात १ जानेवारी २०१७ पासून नव्या मोटारगाड्यांत तो भरता येत नाही आणि त्याच्या जागी मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरतात.

दाब बदलला की गॅसचा उत्कलनबिंदू बदलतो, या एका गुणावर सगळा एसी उभा आहे. आर-१३४एचा दाब गेजवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या तबकडीवर, २ बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास असेल, तर तो शून्य अंशालाच उकळतो; १४ ते १६ बारपर्यंत दाबला, तर ५५ ते ६० अंशांवरही त्याच्या वाफेचा द्रव होतो. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे गॅस तिथे उकळतो आणि ब्लोअरने फेकलेल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर ओढतो, दाबतो आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरकडे पाठवतो. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडेच जाते, त्यामुळे ४५ अंशांच्या हवेत ती सोडायची असेल, तर गॅस त्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी तरी जास्त तापलेला असावा लागतो. कॉम्प्रेसर दाब वाढवतो तो एवढ्यासाठीच. कंडेन्सरमध्ये उष्णता सोडल्यावर गॅसचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम पडतो आणि तो पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये उकळायला जातो.

हा फेरा डोळ्यांपुढे ठेवला, तर गरम हवेची कारणे तीनच जातींची उरतात. एक तर गॅस पुरेसा फिरत नसतो, किंवा फिरतो पण आणलेली उष्णता बाहेर टाकू शकत नाही, किंवा थंडावा तयार होतो पण तो आपल्यापर्यंत पोचत नाही. पहिल्या जातीतही गॅस कमी असणे हे अनेकांपैकी एकच कारण आहे.

इथे दमटपणाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण कोकणातल्या आणि गोव्यातल्या अनेक तक्रारी मुळात तिच्यामुळे असतात. हवेतल्या एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि तेवढी उष्णता शोषायला कूलिंग कॉइलमध्ये सुमारे १२ ग्रॅम आर-१३४ए उकळावा लागतो. त्यामुळे मुंबईच्या ३३ अंशांच्या दमट दुपारी बाहेरची हवा थंड करण्याचा भार नागपूरच्या ४२ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षाही जास्त असू शकतो. याच दमटपणामुळे एक सोपी खूणही मिळते : दमट हवेत एसी दहा-पंधरा मिनिटे चालला, की गाडीखाली पाणी ठिबकले पाहिजे. रत्नागिरीत पावसाळ्याच्या तोंडावर ते ठिबकत नसेल, तर एकतर कॉइल थंड होत नाही, नाहीतर पाण्याची नळी तुंबली आहे. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात मात्र पाणी न ठिबकणे स्वाभाविक असते.

इंजिन गेल्यावर काय बदलले

जुन्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि एसीचे बटण दाबताच 'टक्' असा क्लच बसल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकून अनुभवी मिस्त्री अर्धे निदान करत असे. विजेच्या गाडीत पट्टा नाही आणि क्लचही नाही. तिथे मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद धातूच्या कवचात असतात. आत दोन सर्पिल चकत्या असतात. एक स्थिर राहते, दुसरी तिच्यात घोळत राहते आणि दोहोंमध्ये अडकलेला गॅस मध्याकडे दाबला जातो. कवचालाच चिकटलेला इन्व्हर्टर बॅटरीच्या एकदिश विजेची तीन फेजची वीज करून मोटरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. कॉइलकडून परत येणारा थंड गॅस आणि त्यात मिसळलेले तेल याच मोटरच्या तारांच्या वेटोळ्यांवरून वाहते आणि तिला थंड ठेवते.

या रचनेचा एक मोठा फायदा आहे, जो गाडीवाल्याला सहसा कोणी सांगत नाही. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरचा दांडा कवचाबाहेर येतो आणि त्या दांड्याभोवतीच्या सीलमधून गॅस वर्षानुवर्षे थोडा थोडा निसटत राहतो. विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये दांडा बाहेर येतच नाही, म्हणजे गळतीची ती जुनी जागाच नाहीशी झालेली असते. म्हणून दोन-तीन वर्षांच्या विजेच्या गाडीत गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर तो वयोमानाने झाला असे समजू नये. कुठेतरी काहीतरी फुटले, घासले किंवा सैल झाले आहे.

दुसरा बदल बॅटरीचा आहे. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटांच्या नेक्सॉन ईव्हीपासून आपल्याकडे बॅटरीला कूलंटने, म्हणजे तिच्याभोवती फिरणाऱ्या द्रवाने, थंड ठेवणाऱ्या गाड्या सर्रास दिसू लागल्या. अशा गाडीत एसीच्या गॅसला दोन वाटा असतात. एक वाट केबिनच्या कूलिंग कॉइलकडे जाते, दुसरी चिलर नावाच्या छोट्या ठोकळ्याकडे जाते, जिथे गॅस बॅटरीच्या कूलंटमधली उष्णता काढून घेतो. भर दुपारी बोरघाट चढून आलेली गाडी लगेच फास्ट चार्जरला लावली, तर बॅटरी तापलेली असते आणि चार्जिंगने आणखी तापते. त्या वेळी गाडीचा संगणक गॅसचा मोठा वाटा चिलरकडे वळवतो आणि आत बसलेल्यांना हवा कोमट लागते. हा बिघाड नाही. चार्जिंग संपल्यावर काही मिनिटांत हवा पुन्हा गार होते. चार्ज फार खाली गेला असताना किंवा बचतीचा मोड चालू असतानाही कित्येक गाड्या एसीची ताकद स्वतःहून कमी करतात.

तिसरा बदल गरम हवेचा. इंजिन नसल्याने त्याची फुकटची उष्णता नाही, म्हणून केबिन उबदार करण्यासाठी पीटीसी नावाचा विजेचा हीटर असतो किंवा एसीचाच फेरा उलटा फिरवणारा हीट पंप असतो. बाहेर ४० अंश असताना एसीतून त्याहूनही तापलेली हवा येत असेल, तर ती गॅस कमी झाल्याची खूण नव्हे. हीटर बंद होत नाही, गार आणि गरम हवेचे मिश्रण ठरवणारी झडप गरम बाजूला अडकली आहे, किंवा हीट पंपाचा एखादा व्हॉल्व्ह चुकीच्या स्थितीत राहिला आहे, अशी शंका तिथे घ्यावी.

गरम हवा कधी येते, हे आधी लिहून ठेवा

गॅरेजात जाण्याआधी दोन-तीन दिवस निरीक्षण करावे असा माझा आग्रह आहे, कारण यंत्राच्या मोजमापाइतकेच महत्त्व 'कधी' या प्रश्नाला आहे. त्यासाठी स्वयंपाकघरात वापरतात तसा सळईचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. गाडी सावलीत उभी करावी, खिडक्या दोन मिनिटे उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी, मग खिडक्या लावून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे, तापमान सर्वांत खाली आणि ब्लोअर मध्यम ठेवून मधल्या झरोक्यात थर्मामीटर खोचावा. दहा मिनिटांनी दिसणारे तापमान आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे तापमान यांत चांगल्या एसीत पंधरा अंश किंवा त्याहून अधिक फरक पडायला हवा. बाहेर कडक ऊन असेल, तर झरोक्यात १२-१४ अंश दिसले तरी एसी आपले काम करतो आहे असे समजावे. उन्हात तासन् तास तापलेल्या गाडीच्या सीट आणि डॅशबोर्ड थंड व्हायला वेळ लागतो. तेवढ्यावरून एसीला दोष देऊ नये. आणि हवा बाहेरून घेण्याची खिटी चुकून उघडी राहिली, तर कॉइलला ३० ऐवजी ४३ अंशांची हवा थंड करावी लागते, हेही विसरू नये.

आता खुणा पाहू. महामार्गावर एसी थंड असतो आणि सिग्नलला किंवा वाहतूककोंडीत गरम होतो, ही तक्रार फार नेहमीची आहे आणि तिचे कारण बहुतेक वेळा कंडेन्सरपाशी सापडते. गाडी पळत असताना वारा आपोआप कंडेन्सरच्या जाळीतून जातो. उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावे लागते. पंखा बंद असेल, हळू फिरत असेल किंवा जाळी धूळ, पाने, किडे आणि चिखलाने भरली असेल, तर गॅसला उष्णता सोडता येत नाही, दाब चढत जातो आणि दाब मोजणारा सेन्सर सुरक्षिततेसाठी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो किंवा तो बंदच करतो. अशा एसीत आणखी गॅस भरणे म्हणजे चढलेला दाब आणखी चढवणे होय. कंडेन्सर हलक्या धारेच्या पाण्याने धुऊन घेणे आणि पंखा तपासणे, एवढ्यावर यातल्या पुष्कळ गाड्या बऱ्या होतात. जोराची धार मारली तर जाळीची नाजूक पाती आडवी होतात आणि वारा कायमचा अडतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारट हवेने हीच पाती गंजून गळू लागतात. तिथे कंडेन्सर बदलण्यावाचून इलाज नसतो.

सुरुवातीला छान गार हवा येते, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा जोरच कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा पहिल्यासारखा चालतो, ही खूण वेगळी आहे. इथे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉइलवरून पुरेशी हवा जात नसेल, तर तिचे तापमान शून्याखाली जाते, तिच्यावर जमलेले पाणी गोठते आणि हवेची वाटच बंद होते. कारण बहुधा तुंबलेला केबिन फिल्टर असतो. कापसाचे तंतू, धूळ आणि परागकण यांनी तो कसा भरतो, हे ग्रामीण रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला एकदा काढून पाहिल्याशिवाय पटत नाही. तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि स्वतः बदलता येतो. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल, तर कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर तपासायला सांगावे.

एका बाजूच्या झरोक्यातून गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येत असेल, तर झडप हलवणारी छोटी मोटर किंवा कमी गॅस, या दोहोंपैकी काहीही असू शकते. ती झडप हलते तेव्हा डॅशबोर्डमागून हलका आवाज येतो. तापमान एकदा अगदी खाली, एकदा अगदी वर केले आणि हवेत काहीच फरक पडला नाही, तर संशय झडपेवर जातो.

थंडावा महिनोन् महिने हळूहळू कमी होत गेला, तर गळतीची शक्यता खरी मानावी. पण काल रात्री थंड असलेला एसी आज सकाळी अचानक पूर्ण गरम झाला, तर आधी विजेकडे पाहावे : उडालेला फ्यूज, दाबाचा सेन्सर, कॉम्प्रेसरला आज्ञा पोचवणारी वायर किंवा अशक्त झालेली १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली, तरी गाडीतले सगळे संगणक आणि रिले या १२ व्होल्टवरच चालतात, आणि ती ढासळली की एसीसारख्या दुय्यम गोष्टी आधी बंद पडतात. आपल्याकडे उंदीर हे यातले मोठे कारण आहे. सोसायटीच्या तळघरात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदराने कुरतडलेली एक बारीक वायर कॉम्प्रेसर 'खराब' ठरवायला पुरेशी असते, आणि वायरीच्या जागी अख्खा कॉम्प्रेसर बदलल्याचे बिल माणसाच्या हाती पडते.

विजेच्या गाडीपुरती खास अशी आणखी एक खूण आहे. कॉम्प्रेसरचा गुणगुणता आवाज येतो, बॅटरीचे तापमान ठीक राहते, पण केबिन मात्र गरमच राहते. गॅसच्या दोन वाटा वर आल्याच आहेत; त्या प्रत्येक वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो. केबिनच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला किंवा चिलरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर गॅस पुरेसा असूनही तो केबिनला मिळत नाही. गेज लावून नुसता दाब पाहणाऱ्याला हे उमगणार नाही. त्यासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाशी बोलणारे यंत्र, लावून प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी आज्ञा देऊन पाहावी लागते.

गॅस, गळती आणि तेल

'गॅस कमी आहे' हे कशावरून ठरवले, असा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. एसी बंद असताना गेज लावून "दाब कमी दिसतो" किंवा "दाब बरोबर आहे" असे सांगितले, तर त्याला फारसा अर्थ नसतो. यंत्रणेत द्रव शिल्लक असेपर्यंत बंद एसीचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३५ अंशांना आर-१३४एचा दाब गेजवर सुमारे ७.९ बार असतो, मग आत ६०० ग्रॅम गॅस असो की ३०० ग्रॅम. दाब त्याहून बराच खाली असेल, तर गॅस जवळजवळ संपला आहे एवढे मात्र नक्की कळते. खरे मोजमाप एकच : आतला सगळा गॅस मशीनने काढून घ्यायचा, वजन करायचे आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाशी ताडून पाहायचे. छोट्या मोटारीत हे वजन पाच-सहाशे ग्रॅमच्या आसपास असते, चिलरमुळे काही गाड्यांत जास्त असते. ५० ते १०० ग्रॅमच्या चुकीनेही थंडाव्यात फरक पडतो. म्हणून अंदाजाने, गेजकडे पाहत 'मारलेला' गॅस मला मान्य नाही.

वजन कमी निघाले, तर गळती शोधल्याशिवाय पुन्हा भरू देऊ नये. माझ्या मावसभावाच्या विजेच्या गाडीत दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरला गेला आणि दोन्ही वेळा तो पावसाळ्यापर्यंतही टिकला नाही. तिसऱ्या वेळी एका काळजीपूर्वक काम करणाऱ्या कारागिराने नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावले, तेव्हा गॅस भरण्याच्या तोंडातला बोटाच्या पेराहून लहान व्हॉल्व्ह गळताना सापडला. तो बदलला, वरचे हरवलेले झाकण बसवले आणि काम संपले. गळती बहुधा अशाच जागी असते : भरण्याची तोंडे, जोडांतल्या ओ-रिंग नावाच्या रबरी कड्या, दगड लागलेला कंडेन्सर, बॉडीला घासणारी नळी. अगदी बारीक गळतीसाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग वापरतात. मात्र रंग घालायचा तर तो विजेच्या कॉम्प्रेसरला चालणाऱ्या तेलातलाच हवा. गळती बुजवणारे रसायन डब्यातून आत सोडण्याचा सल्ला मिळाला, तर तो साफ नाकारावा, कारण ते रसायन व्हॉल्व्हची बारीक छिद्रेही बुजवते.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढावी लागते. दाब अगदी खाली नेला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जाते. २५ अंशांना त्यासाठी दाब सुमारे ३२ मिलिबारच्या खाली न्यावा लागतो. म्हणून पंप पाच मिनिटे नव्हे, निदान अर्धा तास चालला पाहिजे, आणि पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम टिकतो का तेही पाहिले पाहिजे.

आता तेलाविषयी, आणि माझ्या मते या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पीएजी जातीचे तेल असते. ते हवेतली ओल ओढून घेते आणि विजेला पुरेसा अडथळा करत नाही. विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल मोटरच्या वेटोळ्यांना भिजवत असते, म्हणून तिथे बहुतेक गाड्यांत पीओई जातीचे, विजेला अडवणारे तेल वापरतात. भलते तेल थोड्या प्रमाणात मिसळले तरी मोटर आणि कवच यांच्यामधला विद्युतरोध घसरू लागतो. विजेच्या गाडीचा संगणक हा रोध सतत तपासत असतो. आपल्याकडच्या एआयएस-०३८ या सुरक्षा मानकात हा रोध एकदिश विजेसाठी दर व्होल्टला निदान १०० ओहम आणि आलटून दिशा बदलणाऱ्या विजेसाठी दर व्होल्टला निदान ५०० ओहम असावा, असे सांगितले आहे. तो मर्यादेखाली गेला, तर गाडी धोक्याचा दिवा लावते आणि काही वेळा सुरूच होत नाही. म्हणजे थोड्याशा चुकीच्या तेलाने चालती गाडी जागेवर बसू शकते, आणि मग कॉम्प्रेसर, नळ्या, कंडेन्सर या सगळ्यांची सफाई किंवा बदल ओघाने येतो.

हे तेल मुद्दाम कोणी घालत नाही. ते मशीनच्या नळ्यांतून येते. दिवसभर पेट्रोलच्या गाड्यांना गॅस भरणाऱ्या मशीनच्या नळीत पीएजीचा अंश राहतो आणि तीच नळी विजेच्या गाडीला लावली, की तो आत जातो. म्हणून विचारण्याचा प्रश्न अगदी साधा आहे : "विजेच्या गाडीसाठी तुमच्याकडे वेगळे मशीन किंवा वेगळ्या नळ्या आहेत का, आणि या गाडीत कोणते तेल घालणार?" उत्तर चटकन आणि नेमके मिळाले नाही, तर गाडी तिथून काढावी.

गॅसच्या शुद्धतेचीही चौकशी करावी. आर-१३४एच्या नावाखाली ज्वलनशील हायड्रोकार्बन मिसळलेले स्वस्त डबे विकले जातात. २०११ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये शीत-कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून माणसे दगावली, त्यामागेही मिथिल क्लोराइड मिसळलेला नकली गॅस होता. ते रसायन ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेट घेणारे द्रव्य बनवते. गाडीच्या एसीतही ॲल्युमिनियमच असते.

आणि गळका एसी पुन्हा पुन्हा भरण्याने आणखी एक नुकसान होते. एक किलो आर-१३४ए हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. अर्धा किलो सुटला तर ७१५ किलो झाले. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अर्ध्या किलो गॅसची गळती ३०० लिटरहून अधिक पेट्रोल जाळण्याइतकी पडते. धूर नको म्हणून ज्यांनी विजेची गाडी घेतली, त्यांनी तरी नळीतून गॅस फुस्स करून हवेत सोडणाऱ्याला थांबवावे. तो मशीनने गोळा करता येतो आणि पुन्हा वापरता येतो.

नारिंगी वायर

गाडीतल्या उच्च दाबाच्या विजेच्या सगळ्या वायर नारिंगी रंगाच्या असतात आणि कॉम्प्रेसरला त्यांतलीच एक जाते. बॉनेट उघडून पाहायला हरकत नाही. जाड ॲल्युमिनियमच्या नळीवर घाम आला आहे का, कंडेन्सरवर कचरा आहे का, वायरी कुरतडल्या आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे. हात मात्र लावू नये. बारीक नळी भाजण्याइतकी तापलेली असू शकते आणि चार्जिंग चालू असताना, गाडी 'बंद' दिसत असली तरी, पंखा कधीही सुरू होतो.

कॉम्प्रेसर काढण्यासाठी आधी उच्च दाबाची वीज तोडावी लागते, मग इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरने धरून ठेवलेला विजेचा साठा उतरेपर्यंत कंपनीने सांगितलेला वेळ, बहुधा पाच ते दहा मिनिटे, थांबावे लागते आणि त्यानंतर योग्य मीटरने वीज शून्य आहे याची खात्री करावी लागते. हे काम १,००० व्होल्टचे इन्सुलेटेड हातमोजे घालून, त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करायचे असते. मोजे न घालता नारिंगी कनेक्टर ओढणारा मिस्त्री दिसला, तर त्याचा जीव वाचवण्यासाठी त्याला थांबवणे हे आपलेही काम आहे. गरीब घरातली कष्टाळू मुले या धंद्यात असतात आणि पेट्रोलच्या गाड्यांवर शिकलेली सवय त्यांना इथे घात करू शकते.

कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर स्कॅनरवर दिसलेला बिघाडाचा कोड लिहून मागावा आणि मेगरने (विद्युतरोध मोजण्याच्या मीटरने) मोजलेला रोधही विचारावा. कोड 'संपर्क तुटला' असा असेल, तर दोष वायरीत किंवा कनेक्टरमध्येही असू शकतो. आतली सर्पिले घासून धातूचा चुरा सुटला असेल, तर नवा कॉम्प्रेसर बसवण्याआधी नळ्या साफ करणे, कंडेन्सर आणि ओल शोषणारे ड्रायर बदलणे हेही करावे लागते. नाहीतर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरला काही महिन्यांत खातो.

काम झाल्यावर बिलावर काय लिहून घ्यावे

किती ग्रॅम गॅस निघाला, किती ग्रॅम भरला, कोणता गॅस, कोणते तेल आणि किती मिलिलिटर, व्हॅक्यूम किती वेळ ठेवला, गळती कुठे सापडली आणि शेवटी झरोक्यात किती अंश आले, एवढे बिलाच्या मागे लिहून घ्यावे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तक्रार आली, तर हे आकडे नव्या माणसाचे अर्धे काम करून ठेवतात.

घरी आल्यावर आधी केलेलीच थर्मामीटरची चाचणी त्याच जागी, साधारण त्याच वेळी पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. त्यानंतरच्या आठवड्यात एकदा दुपारच्या वेळी फास्ट चार्जिंग करून पाहावे. ज्या गाडीत चार्जिंगचा वेग गेल्या काही महिन्यांत मंदावला होता आणि कोणी त्याचा एसीशी संबंध जोडला नव्हता, तिथे एसी दुरुस्त झाल्यावर तो वेगही परत आलेला दिसू शकतो, कारण चिलरला पुरेसा गॅस मिळू लागलेला असतो आणि तापलेल्या बॅटरीला जपण्यासाठी गाडीला चार्जिंग रोखून धरावे लागत नाही.